हादऱ्यातली हाक

मला कुणी हाक मारली नाही. एवढीच गोष्ट आहे, आणि सकाळपासून ती माझ्या घशात अडकून बसली आहे. जाग आली तेव्हा भिंतीवरचा क्रूस खिळ्याभोवती डोलत होता, तस्तातलं पाणी काठाला लागून परत येत होतं, आणि पलंगाखालून ती ओळखीची घरघर जात होती, दगडी रस्त्यावरून रिकामी गाडी जावी तशी. मी उठून बसलो. बायकोची बाजू रिकामी. उशीवर तिच्या डोक्याचा खळगा तेवढा राहिलेला, हात लावला तर अजून ऊबदार. रात्रीच्या सदऱ्यावर, अनवाणी, पिस्तूल हातात घेऊन मी ओसरीत आलो आणि पाहतो तर सगळं घरदार चौकात उभं. बायको ब्रिखिदा, खांद्यावर शाल, हातात जपमाळ. म्हातारी स्वयंपाकीण ताना, मक्याचं पीठ लागलेले हात पुढे धरून. माझ्या पहाऱ्याचा कर्नल आर्गेता, त्याचे शिपाई, मोतद्दार, धोबिणी. इतकंच काय, माझा कुत्राही. सगळे चौकाच्या मधोमध, कौलांपासून लांब, जिथे उभं राहायचं असतं तिथे नीट उभे होते आणि सगळे माझ्या दाराकडे बघत होते. कुणी चकार शब्द काढत नव्हतं. मेल्यांनो, कशाची वाट बघत होतात? दार उघडायची की छत पडायची?

आमच्या मुलखात पोराला चालता यायच्या आधी हे शिकवतात. धरणी हलली की ज्याला आधी जाग येईल त्याने हाका मारायच्या. नुसतं 'हलतंय, हलतंय' म्हणून ओरडायचं नाही, त्याने झोपलेला माणूस कूस बदलतो आणि पुन्हा घोरायला लागतो. नाव घ्यायचं. घरातल्या एकेकाचं, मग शेजाऱ्याचं, मग दारं बडवत गल्लीतल्या सगळ्यांचं. भांडण असो, अबोला असो, त्याने तुझी बायको पळवलेली असो, नाव घ्यायचं. तुरुंगातसुद्धा कोठड्या उघडतात. कैदी अंगणात येऊन उभे राहतात आणि धरणी थांबली की आपल्या पायांनी आत जातात. कुणी पळत नाही, कारण त्या वेळी पळालेल्याला पुढे कुठल्याच गावात कुणी दार उघडणार नाही. लढाईतही तेच. जनरल ओखेदाची माणसं एका देवळात अडकली होती आणि आम्ही बाहेर वेढा घालून बसलो होतो, तेव्हा पहाटे जमीन हलली. आम्ही खंदकातून ओरडून ओरडून त्यांना उठवलं. ज्यांची नावं ठाऊक होती त्यांची नावं घेतली, बरेचसे आमच्याच गावचे होते. ते डोळे चोळत बाहेर आले, आमच्या शेजारी उभे राहिले, एकाने माझ्याकडून विडीही घेतली. जमीन थांबल्यावर ते आत गेले, आम्ही खंदकात गेलो, आणि दुपारपर्यंत आम्ही त्यांना कापून काढलं. विडी घेणाऱ्याला मीच कापलं. दोन्ही गोष्टी रीतीला धरून झाल्या. आणि मला, या प्रजासत्ताकाच्या अध्यक्षाला, स्वतःच्या घरात, स्वतःच्या बायकोने हाक मारू नये?

आता कुणी म्हणेल, बाबा रे, हुकूम तुझाच. आहे माझाच, मी कुठे नाही म्हणतो? तीन वर्षांपूर्वी असाच एक हादरा आला, अगदी फुसका. दारावर मासेदोनिओ नावाचा डोंगरातला नवा शिपाई होता. तो सरळ आत घुसला आणि घरी ओरडावं तसा "क्रिसांतो! क्रिसांतो! ऊठ!" म्हणून ओरडत सुटला. मी झोपेत धावत सुटलो तो थेट बाहेरच्या मोठ्या चौकात, उघड्या पायांनी, सदरा पोटावर गोळा झालेला. जमीन तोवर थांबलीसुद्धा होती. देवळातून प्रार्थना आटोपून बायका बाहेर पडत होत्या, कॉफीचे गोरे व्यापारी त्यांना टोप्या काढून सलाम करत होते. त्यांनी माझ्या नडग्या पाहिल्या. हसले. एक बाई तर पंख्याआड तोंड लपवून इतकी हसली की तिला धरावं लागलं. मी त्याच चौकात मासेदोनिओला खांबाला बांधला आणि ओल्या फोकांनी सोलून काढला. पाठीचं मांस निघालं, बरगडी दिसायला लागली, तरी तो बिचारा सारखा एकच विचारत होता, "पण हललं होतं ना? खरंच हललं होतं ना?" संध्याकाळी मेला. दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला की अध्यक्षाचं नुसतं नाव कुणी घ्यायचं नाही आणि त्याच्या खोलीपाशी आवाज चढवायचा नाही. हुकूम बरोबरच होता. पण हुकूम हुकमाच्या जागी. घरच्या माणसांना काही कळायला नको?

मी चौकात उतरलो. फरशी गार होती. आर्गेताने टाचा जुळवून सलाम ठोकला. "किती वेळ हललं?" मी विचारलं. "थोडंच, सेन्योर प्रेसिदेंते. एक 'आवे मारिया' प्रार्थना म्हणून होईल एवढंच." "म्हणून झाली तुझी?" त्याने टाचा पुन्हा जुळवल्या. "विचारतोय मी, म्हणून झाली का?" "झाली, सेन्योर." "कुणासाठी म्हटलीस?" त्यावर त्याचे डोळे हलले, आणि मी पिस्तुलाचा दस्ता त्याच्या नाकावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज ओल्या फाट्यासारखा आला. रक्त त्याच्या पांढऱ्या कोटावर पसरत गेलं, त्याने हातसुद्धा वर नेला नाही, तसाच ताठ उभा. एरवी मला त्यात गोडी वाटली असती. आज वाटली नाही. कारण हा भितो म्हणून गप्प राहिला की मी मरावं म्हणून, हे त्या मोडक्या नाकात कुठेच दिसत नव्हतं. भीती असेल तर माझी काही तक्रार नाही, भीती मीच पेरली आणि पीकही चांगलं आलं. पण दुसरं असेल तर? बाकीचे फरशीकडे बघत होते. मी शिपायांच्या तोंडांवरून नजर फिरवली, सगळी सारखीच, धुतलेल्या पाटीसारखी कोरी. एवढ्या वर्षांत मी माणसाचं तोंड वाचायला शिकलो होतो, त्यावरच तर जगलो. ती विद्या आज कामाला येईना.

ताना चॉकलेट घेऊन आली. आधी तिने स्वतः घोट घेतला, मग कप माझ्यापुढे केला, रोजच्यासारखा. ही माझ्या आधीच्या अध्यक्षाचंही चॉकलेट चाखायची. त्याला मी स्मशानाच्या भिंतीशी उभं केलं, आणि संध्याकाळी हिने मला विचारलं होतं, साखर किती घालू. "ताने," मी म्हणालो, "तू तर जुनी. तू का नाही हाक मारलीस?" म्हातारीने नाक पुसलं. "मला जीभ हवी आहे, सेन्योर. तुमच्याच चॉकलेटला लागते." "म्हणजे भ्यालीस." "भ्याले तर. आणि पीठ भिजत होतं." असं म्हणून ती चालती झाली. पीठ म्हणे! मी मेलो असतो तरी हिच्या भाकऱ्या वेळेवर झाल्या असत्या. मी चॉकलेट प्यायलो. वर बारीक पांढरी माती तरंगत होती, छताची. मी तीही गिळली.

खरी हाक कशी असते ते मला माहीत आहे. तेव्हा मी अध्यक्ष नव्हतो, कर्नल नव्हतो, कुणीच नव्हतो. नीळ लादलेली खेचरं डोंगरातून बंदरापर्यंत हाकायची, वाटेत मालकाच्या शिव्या खायच्या, हा माझा धंदा. जोडीला तिबुर्सिओ मेंखीवार, माझ्याच वयाचा, माझ्याहून अडाणी, दात पुढे, आवाज असा की घाटाच्या या टोकाला ओरडला तर त्या टोकाची खेचरं कान टवकारायची. सान ओनोफ्रेच्या धर्मशाळेत आम्ही पंधरावीस जण निळीच्या गाठींवर झोपलो होतो. त्या रात्री आलेला हादरा 'मोठा' म्हणूनच ओळखतात, आमच्याकडे माणसं आपलं वय त्यावरून सांगतात. मला आठवतं ते एवढंच की स्वप्नात आई मला न्हाऊ घालत होती आणि डोळ्यांत साबण गेला होता, आणि कुठून तरी आवाज आला, "चांतो! अरे चांतो, ऊठ!" चांतो म्हणजे मीच. क्रिसांतो हे पाद्र्याच्या चोपडीतलं, चांतो हे आईचं, आणि आईनंतर तिबुर्सिओचं. मी उठलो, धडपडत बाहेर पडलो आणि भिंत माझ्या टाचांवर कोसळली. तिबुर्सिओ तोवर पुन्हा आत गेला होता. तो नावं घेत होता, एकेकाचं, धुळीत खोकत, आणि प्रत्येक नावाला एक माणूस बाहेर येत होता. मग तुळई खाली आली. तिच्याखाली त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली, ती माझ्याच कोयत्याने तोडावी लागली, एरवी तो सुटत नव्हता. मी घाव घातला आणि तो मला आईवरून शिव्या देत राहिला. सकाळी सगळं सान ओनोफ्रे निळ्या चिखलात माखलं होतं. गाठी फुटून नीळ वाहिली होती, आणि प्रेतं निळी, आम्ही निळे, तिबुर्सिओचं रक्तसुद्धा निळं. पुढे त्याची मुलगी झाली तेव्हा बाप्तिस्म्याला मीच तिला हातात धरलं. तेव्हापासून आम्ही एकमेकांचे कोंपाद्रे, देवासमोर जोडलेले भाऊ. सख्खा भाऊ एकदा परका होईल, पण कोंपाद्रेवर हात उचलला तर देव त्या हाताला वाळवी लावतो, असं माझी आई सांगायची.

आणि आज दहाच्या घंटेला मी त्याच तिबुर्सिओला गोळ्या घालणार होतो. त्यात लपवण्यासारखं काही नाही. हे राज्य निळीवर जगत होतं, नीळ मेली, आता कॉफीवर जगतं, आणि कॉफीला डोंगराचा उतार लागतो. उतारावर गावांची गायरानं होती. मी कायदा केला आणि गायरानं विकली. बाकीची गावं रडली आणि गप्प बसली, पण तिबुर्सिओच्या गावाने मोजणीदाराला त्याच्याच साखळीने झाडाला बांधला आणि कोयत्यांनी त्याचे वाटे घातले, सोबतचे दोन शिपाईही. मी पलटण पाठवली. गाव जाळलं, सेइबाच्या झाडाला माणसं टांगली, फांद्या वाकल्या तेव्हा दुसरं झाड शोधलं. तिबुर्सिओ विहिरीत लपलेला सापडला. कुणी म्हणतं कोयता त्याने चालवला, कुणी म्हणतं तो नुसता उभा होता. मी विचारलं नाही. उत्तर कोणतंही आलं असतं तरी भिंत तीच होती.

ब्रिखिदा संत्र्याच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसली होती. ती मोठ्या घरची, मी कर्नल झाल्यावर मला मिळालेली. आठवडाभर ती तिबुर्सिओसाठी रडत होती. त्याची मुलगी, माझी धर्मकन्या, बाहेर फाटकाशी पडून होती आणि ब्रिखिदा तिला लपवून भाकरी पाठवत होती, मला माहीत होतं. मी तिच्यासमोर उभा राहिलो. "तूसुद्धा?" "तुमचाच हुकूम आहे." "नवऱ्याला उठवायला हुकूम आड येतो? शेजारीच निजली होतीस. कोपराने ढोसलं असतंस तरी चाललं असतं." ती जपमाळेचे मणी सारखे करत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ढोसणारच होते. हात उचलला होता." "मग?" "मग वाटलं, बघू या." "काय बघू या?" "देवाच्या मनात काय आहे ते." मी तिच्या थोबाडीत मारली. ती खुर्चीवरून पडली नाही, फक्त जपमाळ तुटली आणि मणी फरशीवर घरंगळत गेले. तिने ओठ पुसला आणि म्हणाली, "आता मारा की काहीही करा. मी उठून बाहेर आले, आणि इथे उभी राहून वाट बघितली. एक 'आवे मारिया' सबंध म्हटली. तुमच्यासाठी नाही." आजवर माझ्यावर खूप गोळ्या झाडल्या गेल्या आहेत, एक अजून मांडीत आहे, थंडीत दुखते, पण असं कधी झालं नव्हतं. मला रडू येईल असं वाटलं. मी खाली वाकून मणी वेचायला लागलो. अध्यक्ष, सदऱ्यावर, फरशीवर रांगतोय. कुणी हसलं नाही.

वाकलो होतो तेव्हा ते डोक्यात आलं. सगळे गप्प होते, मग मी उठलो कशाने? हादऱ्याने नाही. हादऱ्याने मला कधीच जाग येत नाही, सान ओनोफ्रेलाही आली नव्हती. मी डोळे मिटले आणि झोपेच्या त्या काठावर परत गेलो. तिथे साबण होता, आईचे हात होते, आणि लांबून, भिंतींपलीकडून, कुणीतरी घसा फाडून ओरडत होतं. मी उठून आर्गेताला बोलावलं. त्याने नाकात चिंध्या कोंबल्या होत्या. "तुरुंगात काय झालं सकाळी?" "रीतीप्रमाणे कोठड्या उघडल्या, सेन्योर. सगळे अंगणात आले, सगळे परत आत गेले. तो मेंखीवार तेवढा..." "तेवढा काय?" "तो अंगणात आला तो सरळ आपल्या वाड्याच्या भिंतीपाशी धावला आणि ओरडत सुटला. कसलंतरी नाव. 'चांतो, चांतो.' आमच्यात त्या नावाचं कुणी नाही. नाईकाने बंदुकीचा दस्ता घातला तोंडात, तेव्हा थांबला." मग त्याने जपून विचारलं, "चांतो कोण, सेन्योर?" "कुणी नाही," मी म्हणालो. "माझे कपडे आण."

तुरुंगाचं अंगण आमच्या तबेल्याला लागूनच. भिंतीशी त्याला आधीच आणून ठेवला होता, हात मागे बांधलेले, आणि बाराजणांची तुकडी सावलीत टेकून उभी होती. मी गेलो तशी ती ताठ झाली. तिबुर्सिओ म्हातारा झाला होता. पुढचे दात आता नव्हते, सकाळीच गेले होते, ओठ फाटून लोंबत होता. मला बघून तो म्हणाला, "आलास का, कोंपाद्रे. बाहेर निघालास म्हणजे. मला वाटलं ऐकू गेलं नाही." बोलताना त्याच्या तोंडातून फुगे येत होते. मी त्याच्या अगदी जवळ गेलो, तुकडीला ऐकू जाऊ नये म्हणून, पण अंगण लहान, सगळं ऐकू जात होतं. "का मारलीस हाक?" "हलत होतं ना." "आज मी तुला मारणार हे ठाऊक होतं?" "होतं की. दहाला. त्याचा इथे काय संबंध?" "छत माझ्यावर पडलं असतं तर सुटला असतास, गाढवा." त्यावर तो हसला, रक्त हनुवटीवर आलं. "ते नंतर सुचलं. आधी तोंड उघडलं, मग डोकं चाललं. माझं नेहमीच तसं, तुला माहीत आहे."

मला त्या क्षणी त्याला मिठी मारावीशी वाटली. खरं सांगतो. सगळ्या राज्यात एक माणूस, एकच, मी जगावं म्हणून ओरडला होता, आणि तो इथे दोरीने बांधलेला होता. मी काही फार मागणार नव्हतो. "तिबुर्सिओ," मी म्हणालो, "एवढंच म्हण की माझ्यासाठी मारलीस. चांतोसाठी. या सगळ्यांसमोर म्हण. माझा घोडा देतो, पोर फाटकाशी बसली आहे, तिला घे आणि घरी जा." "घर जाळलंस तू." "दुसरं बांधून देतो. म्हण." तो माझ्याकडे बघत राहिला, त्या डोळ्यांत राग असता तर मला बरं वाटलं असतं. "कसं म्हणू रे," तो म्हणाला, "तुझ्यासाठी कुठे मारली? भिंतीपलीकडे माणूस झोपलाय, नाव माहीत आहे, मारली. तू नसतास, दुसरा कुणी असता, त्याला मारली असती. सान ओनोफ्रेला मी खेचरंही सोडली होती, आठवतं? खेचरांवर माझं काय प्रेम होतं?" "खोटं बोल मग. मी सांगतो ना, खोटं बोल." "गायरान परत कर," तो म्हणाला, "मग खोटं काय, गाणं म्हणतो. नाचतोसुद्धा." तुकडीतला एकजण फिसकन हसला.

तेवढं ते हसू. पंख्याआडच्या बाईसारखं. मी मागे वळून बघितलं नाही, कोण हसला ते नंतर शोधता आलं असतं. मी भिंतीपासून मागे सरलो. दहा वाजले नव्हते, पण घंटा माझ्याच आहेत. तिबुर्सिओने मान वर करून तुकडीच्या बंदुकांकडे बघितलं आणि मग, एखाद्याला घरी जाताना काहीतरी राहून गेलेलं आठवावं तसा म्हणाला, "आणि हे बघ, चांतो. पहिला हादरा असा गुरगुरत आला की दुसरा येतो. मोठाही असेल. आज आत झोपू नकोस." मी हात खाली केला. बारा बंदुका उडाल्या आणि जवळजवळ सगळ्या खाली उडाल्या. तुकडीतल्या कुत्र्यांनी नेम मुद्दाम पायांवर धरला होता, म्हणजे मारल्याचं पाप आपल्यावर नको. तो बसल्यासारखा खाली आला. गुडघे फुटले होते, पोटातून एक गोळी गेली होती, आणि तो मला आईवरून शिव्या देऊ लागला, त्याच जुन्या, त्याच क्रमाने. मी आर्गेताचं पिस्तूल घेतलं. जवळ गेलो. त्याचा डावा हात मागे बांधलेला, तीन बोटं आवळत होती आणि सुटत होती. मी त्याच्या कानामागे नळी टेकवली, त्याचे केस घामाने ओले होते आणि त्यांना खेचरांचा वास येत होता, इतक्या वर्षांनीही. झाडली. माझ्या तोंडावर काहीतरी गरम उडालं, ओठांवरही. शिव्या थांबल्या. फाटकाशी ती पोर किंचाळली असावी, पण मला नीट ऐकू येत नव्हतं, कान वाजत होते.

वाड्यात येऊन मी तोंड धुतलं, तस्तातलं पाणी बदलायला लावलं, पुन्हा धुतलं. मग सगळ्यांना चौकात उभं केलं आणि नवा हुकूम सांगितला. यापुढे धरणी हलली की माझं नाव घेऊन हाक मारायची, मोठ्याने, प्रत्येकाने. जो गप्प राहील त्याला त्याच भिंतीशी नेईन. आर्गेता म्हणाला, "जशी आज्ञा," त्याच्या चिंध्यांतून ते घोगरं आलं. ताना म्हणाली, "आता ओरडायचं का? बरं, ओरडू." ब्रिखिदा झाडाखालून हलली नाही. तिने मणी मोजून ओच्यात ठेवले होते आणि दोरा ओवत होती. जेवायला नेहमीचंच होतं, घेवडा, भाकरी, तळलेली केळी. मी दोन घास खाल्ले. नंतर, रोज निजतो त्या वेळी, उन्हं चौकाच्या मधोमध असताना, मी आत आलो आणि पलंगावर आडवा झालो. आत झोपू नकोस, म्हणाला होता. मी मुद्दाम आत आलो. कोण तो, मला सांगणारा? मी राष्ट्राध्यक्ष आहे. मला बघायचं होतं, एवढ्या सगळ्यांतून कुणाचा तरी आवाज तसा निघतो का.

आता ती घरघर येते आहे. या खेपेला जवळून, फरशीखालून, आणि गाडी रिकामी नाही. तस्त खाली पडलं. क्रूस भिंतीवर आपटतो आहे. आणि ओरडत आहेत सगळे, हुकमाबरहुकूम, छातीच्या भात्यातून. "क्रिसांतो ओयुएला! क्रिसांतो ओयुएला!" आडनावासकट, बराकीत हजेरी घ्यावी तसं. आर्गेता ओरडतो आहे, शिपाई ओरडत आहेत, धोबिणी ओरडत आहेत, ओरडत ओरडत सगळे चौकाकडे पळत आहेत, दारात कुणी थांबत नाही. दार उघडं आहे, मला सगळं दिसतं. ब्रिखिदा झाडाखाली उभी राहिली आहे. तिचे ओठ हलत आहेत, पण ती माझं नाव घेते आहे की 'आवे मारिया' म्हणते आहे ते इथून कळत नाही. वरून माती पडते आहे, गुडघ्यांवर, हातांवर. तुळई एकदा बोलली, आता दुसऱ्यांदा बोलली. मी पलंगाच्या काठावर बसलो आहे, जोडे पायांत आहेत, उठायला काही अडचण नाही. सगळे ओरडत आहेत, पण हाक अजून कुणी मारलेली नाही. हाक आली की उठतो.